बर्फावर सुशेगाद: शर्यत नको, नुसता उतार हवा. कुठला गेम, कशावर, कसा?

खाजन (डिचोली)

स्नोबोर्डिंगचे गेम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शर्यत येते: घड्याळ, पहिला क्रमांक, मोठा आवाज. पण याच प्रकारात एक शांत शाखा आहे. डोंगरमाथ्यावर सोडून देतात आणि पुढे कुठून, किती वेगात, किती वेळ उतरायचं ते आपलं आपण ठरवायचं. गोव्यात बर्फ फक्त मासळी बाजारात दिसतो, पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी या गेमांना तोड नाही.

धागा काढायचं कारण असं की ‘रिलॅक्सिंग’ असं लेबल लावून काहीही खपवतात. मंद संगीत आणि गुलाबी आकाश टाकलं म्हणून खेळ निवांत होत नाही. इथं तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. उतार स्वतःच पुढे ओढत राहतो, त्यामुळे ‘आता काय करू’ हा प्रश्न पडत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी एक छोटा निर्णय असतो: या झाडाच्या डावीकडून की उजवीकडून? आणि पडलो तर दोन सेकंदांत परत उभं राहता येतं. यातली तिसरी गोष्ट बिघडली की बाकीच्या दोन असून उपयोग नाही. पडल्यावर वीस सेकंद लोडिंग दाखवणारा गेम निवांत असूच शकत नाही, चित्र कितीही देखणं असो.

जाणकारांनी फोन, पीसी, जुने कन्सोल असं सगळं धरून लिहावं. ‘अमुक बेस्ट आहे’ एवढंच नको, का ते सांगा.

उतारवेडा (म्हापसा)

खाजनबाब, विषय छान. सुरुवात फोनपासून करतो, कारण ते सगळ्यांकडे आहे.

ऑल्टोज ॲडव्हेंचर, २०१५ चा. ॲपल फोनवर विकत घ्यावा लागतो, अँड्रॉइडवर जाहिरातींसह फुकट. खेळायला एक बोट पुरतं. टेकवलं की उडी, हवेत असताना दाबून धरलं की बॅकफ्लिप, म्हणजे मागच्या मागे कोलांटी. साध्या मोडमध्ये नाणी, लामा, मागे लागणारे म्हातारे आणि प्रत्येक पातळीला तीन कामं असतात. नंतरच्या अपडेटमध्ये झेन मोड आला. त्यात गुण नाहीत, नाणी नाहीत, पडलात तर उठून पुढे. या धाग्यापुरता तोच कामाचा.

नवखे लोक इथं हटकून एक चूक करतात. बॅकफ्लिप सुरू करतात उडी संपत आल्यावर. पूर्ण फेरीला लागणारा वेळ ठरलेला असतो, म्हणून उशिरा सुरू केली की डोकं खाली असतानाच जमीन येते. कड्यावरून सुटतानाच बोट दाबायचं आणि बोर्ड पुन्हा उताराशी समांतर व्हायच्या किंचित आधी उचलायचं. जमीन सपाट असेल तर नुसत्या उडीत फेरी पुरी होत नाही. पुढे उतार तीव्र होतोय तिथंच मारायची, कारण तिथं जमीन पायाखालून दूर जात असते आणि हवेतला वेळ आपोआप वाढतो. पात्रांत माया सगळ्यांत चटकन फिरते, पाझ जड आहे. फ्लिप शिकायची तर मायाच घ्या.

जमलेल्या प्रत्येक करामतीनंतर थोडा वेग मिळतो आणि साखळी वाढेल तसा गळ्यातला स्कार्फ लांबत जातो. आकडे न बघता आपलं कसं चाललंय ते कळण्याची ही व्यवस्था फार हुशारीची आहे.

घाटमाथा (वाळपई)

ऑल्टो सुंदर आहे, वाद नाही. पण त्याला मोकळा कसं म्हणायचं? डावीकडून उजवीकडे एकच रेषा. खाजननी लिहिलेला ‘झाडाच्या डावीकडून की उजवीकडून’ हा प्रश्नच तिथं नाही. त्यात लय आहे, वाट निवडणं नाही, आणि या शाखेचा जीव वाट निवडण्यात आहे.

फोनवरच हवं असेल तर ग्रँड माउंटन ॲडव्हेंचर घ्या. मूळ २०१९ चा, स्वीडनमध्ये केलेला, दुसरा भाग २०२५ मध्ये आला. कॅमेरा उंचावरून असतो, आख्खा डोंगर खेळण्यासारखा दिसतो. स्की आणि स्नोबोर्ड दोन्ही आहेत. लिफ्टपाशी जायचं, वर बसून जायचं, मग आखलेल्या वाटेनं उतरा नाहीतर झाडीत घुसा. आव्हानं आहेत, पण ती नकाशावर ठिपक्यासारखी पडून असतात, बाजूनं निघून गेलं तरी कोणी अडवत नाही. सगळ्यांत कामाचं म्हणजे नेट नसलं तरी चालतो.

एक सूचना. अंगठ्यानं पडदा झाकला जातो आणि नेमका खालचा, म्हणजे पुढचा भाग दिसत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर जोडला की हा गेम वेगळाच वाटतो. तो नसेल तर अंगठे पडद्याच्या अगदी कडेला ठेवा आणि फोन टेबलावर कलता टेकवा.

सोलकढी (फोंडा)

घाटमाथा यांना +१. पण या शाखेचं मूळ पीठ पीसी किंवा फोन नव्हे, प्लेस्टेशन टू आहे. एसएसएक्स थ्री, २००३. नावाला शर्यतीचा गेम, पण आतली रचना बघा: एकच डोंगर, त्यावर तीन शिखरं, सगळ्या वाटा एकमेकींना जोडलेल्या. तिन्ही शिखरं खुली झाली की फ्री राइडमध्ये अगदी माथ्यापासून पायथ्यापर्यंत न थांबता उतरता येतं. साधारण अर्धा तास लागतो. मधे एक रेडिओवाला बडबडत असतो, गाणी लावतो, हवामान सांगतो. आजचे मोठमोठे ओपन वर्ल्ड गेम जे करायला धडपडतात ते या गेमनं ३२ एमबी रॅममध्ये केलं होतं.

आज खेळायचे तीन रस्ते:

जुनी मशीन असेल तर प्रश्नच नाही. आपल्याकडे पाल (५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्क मिळायच्या. गेम सुरू होताना ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं तर ६० निवडा. ५० वर फ्रेम कमी पडतात आणि वळणं जड लागतात.

एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एक्स असेल तर मूळ एक्सबॉक्सची डिस्क घातली की चालतो. सिरीज एसला डिस्कचा खाचा नाही, तिथं डिजिटल प्रतच लागेल.

पीसीवर पीसीएसएक्सटू हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. बायोस (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) आपल्याच मशीनमधून काढायचा आणि डिस्कही आपलीच. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंडरर व्हल्कन, अंतर्गत रेझोल्यूशन मूळच्या तिप्पट. एवढं १०८० च्या पडद्याला पुरे. साध्या ग्राफिक्सवर दुप्पट ठेवा. आवाज फाटू लागला तर ते बहुतेक वेळा साउंड कार्डामुळे नसतं, एम्युलेटरचा वेग १०० टक्क्यांखाली घसरलेला असतो. आधी रेझोल्यूशन कमी करा.

मांडवीकाठ (पणजी)

अवांतर: ‘सुशेगाद’ म्हणजे आळशी असा अर्थ पर्यटकांच्या माहितीपत्रकांनी करून ठेवलाय. मूळ पोर्तुगीज शब्द ‘सोसेगादु’, म्हणजे शांत, स्वस्थ. अर्धा तास एकाग्रतेनं डोंगर उतरणारा माणूस आळशी नसतो, स्वस्थ असतो. शीर्षकाला हरकत नाही, फक्त नोंद.

खाजन (डिचोली)

नोंद घेतली, मांडवीबाय. शीर्षक राहू दे.

उतारवेडा (म्हापसा)

स्टीपचा विषय कुणीच काढला नाही. डिसेंबर २०१६, युबिसॉफ्टच्या आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या आनसी स्टुडिओनं केलेला. मॉन्ट ब्लांक, मॅटरहॉर्न अशी शिखरं, आणि स्की, स्नोबोर्ड, विंगसूट, पॅराग्लायडर अशी चार साधनं. दुर्बीण काढायची, लांबचा कडा न्याहाळायचा, तिथं थेट उतरायची जागा खुली होते. प्रमाण लक्षात यावं म्हणून सांगतो: आपला सोंसोगड, गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, सुमारे १,१६६ मीटर, खरा मॅटरहॉर्न ४,४७८.

याचीच पुढची पिढी म्हणजे २०२१ चा रायडर्स रिपब्लिक. तिथं योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन असे अमेरिकेतले प्रदेश एकाच नकाशात शिवलेत, सायकलीही आहेत. मुख्य खेळ म्हणजे जत्रा, पण त्यात झेन मोड आहे आणि तो निवडला की गर्दी नाहीशी होते. आधी तोच उघडा.

घाटमाथा (वाळपई)

स्टीपची मोठी खोट सांगायलाच हवी: सतत नेट लागतं. एकट्यानं खेळत असलात तरी. जून ते सप्टेंबर आमच्या सत्तरी बाजूला फायबरवर झाडाची फांदी पडणं हे नित्याचं, त्यामुळे पावसाळ्यासाठी हा गेम बाद. निवांत खेळायचा गेम आणि मधेच ‘कनेक्शन तुटलं’ अशी पाटी, हा कुठला न्याय?

नेट भक्कम असेल तर मात्र दुसरा डोंगरच नको. तीन गोष्टी आधी करा. ऑप्शन्समध्ये जाऊन पडद्यावरच्या सूचना आणि खुणा जेवढ्या बंद होतात तेवढ्या बंद करा. संगीत शून्यावर, इफेक्ट पूर्ण. बोर्डची कड बर्फावर घासल्याचा आवाज हेच तुमचं स्पीडोमीटर: भुसभुशीत बर्फात दबका सूं, कडक बर्फावर करकर. करकर वाढली म्हणजे पकड सुटायला आली. आणि तिसरं, नकाशावरच्या आव्हानांच्या जवळून जाताना जे बटण दाबायला सांगतात ते दाबायचं नाही.

काजूबोंडू (सांगे)

नवा आहे, समजून घ्या. स्टीपमध्ये उडी मारली की दर वेळी आडवा. गोल फिरतो, खाली येतो, धाडकन. एसएसएक्समध्येही तेच. बटणं बरोबर दाबतोय तरी. कुठं चुकतं?

सोलकढी (फोंडा)

काजूबोंडू, बटणं बरोबर असतील, वेळ चुकतेय. एक साधी ३६० घेऊ, म्हणजे एक पूर्ण गिरकी, आणि तिचे तुकडे करू.

आधी, कड्याच्या पुरेसं अलीकडे बोर्ड सरळ करा. वळता वळता उडी घेतली की कड रुतलेली असते आणि हवेत गेल्यावर शरीर तिरकं राहतं. नवख्यांच्या निम्म्या पडण्याचं कारण हेच.

मग उडीचं बटण दाबून धरा. स्टीपमध्ये उजवा ट्रिगर, एसएसएक्स थ्रीमध्ये एक्स. पात्र गुडघ्यांत वाकतं. दाबून धरलेलं असतानाच गिरकीची दिशा द्यायची. एसएसएक्समध्ये ही दिशा बाणांच्या बटणांनी देतात, त्यालाच प्रीवाइंड म्हणतात, पात्र अंग पिळून घेतं. पीळ भरला नाही तर गिरकी सुरूच होत नाही किंवा अर्धवट राहते. ‘बटण दाबलं तरी फिरत नाही’ अशी तक्रार करणारे सगळे उडीनंतर दिशा देत असतात.

सोडायचं नेमकं ओठावर, म्हणजे कड्याची शेवटची कड पायाखाली आली की. आधी सोडलं तर उडी बुटकी, उशिरा सोडलं तर उडीच नाही, नुसतं खाली पडणं. ६० फ्रेमवर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, ३० वर ३३ ची. त्यात टीव्हीचं चित्रसंस्करण भर घालतं. म्हणून टीव्हीवर गेम मोड चालू हवाच. तो बंद असेल तर तुमचा हात बरोबर आणि पडदा उशिरा असा प्रकार होतो.

हवेत: ग्रॅब (हातानं बोर्ड पकडणं) धरला असेल तर जमिनीला टेकण्याआधी सोडा. हात बोर्डवर असताना टेकलात की पडलातच, दोन्ही गेममध्ये. गिरकी तीन चतुर्थांश झाली की दिशेचं बोट काढा, उरलेला पाव फेरा वेगानं आपोआप पुरा होतो.

उतरताना बोर्डचं नाक उताराच्या दिशेला हवं. स्टीपमध्ये आणखी एक भानगड आहे, तिथं आघाताचा हिशोब ठेवतात. गिरकी निर्दोष असली तरी सपाट जमिनीवर आपटलात तर बेशुद्ध. म्हणून उडी कुठून घ्यायची यापेक्षा कुठं पडायचं ते आधी बघा. पडायची जागा उतरती हवी.

आधी नुसत्या उड्या, गिरकी न घेता, एकाच टेकाडावरून वीसेक वेळा. मग १८०. ३६० त्यानंतर.

काजूबोंडू (सांगे)

ओठावर सोडायचं होतं! धरून ठेवत होतो जमीन संपेपर्यंत. गेम मोडही बंदच निघाला. देव बरें करूं.

चिखलकाला (माशेल)

सॉफ्टवेअरचं पुष्कळ झालं, आता आपल्या हवेबद्दल. या गेमांत डावी स्टिक सतत हलक्या कोनात धरलेली असते. शर्यतीच्या गेमसारखे पूर्ण झटके नसतात. त्यामुळे स्टिक थोडी जरी सरकली तरी इथं आधी जाणवतं: हात न लावता बोर्ड एका बाजूला ओढला जातो. साध्या स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर असतो, त्याची पट्टी झिजते. दमट हवा आणि समुद्राकाठची खारट धूळ त्यात भर घालते.

आधी फुकटचा इलाज: डेडझोन वाढवा, म्हणजे स्टिकची मधली जागा, जिथली हालचाल गेम मोजत नाही. पीसीवर स्टीम या गेमांच्या दुकानाच्या ॲपमध्ये कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये मिळतं. एकेक टक्क्यानं वाढवत जा आणि ओढणं थांबलं की तिथंच थांबा. खूप वाढवलंत तर नाजूक वळणं मरतात, मग खेळण्यात काय राहिलं? त्यानं भागलं नाही तर कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब, स्टिक गोल फिरवायची, अर्धा तास वाळू द्यायचं. दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. नवा घेणार असाल तर हॉल इफेक्ट स्टिकचा बघा, त्यात घासणारी पट्टी नाही.

डिस्क आणि कंट्रोलर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी भरले ते कळतं. डिस्कवर बुरशीचे ठिपके आले तर मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही.

आणि वीज. घरच्या इन्व्हर्टरवर मागं एक बटण असतं, ते यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला जो क्षण जातो तेवढ्यात कन्सोल बंद पडतो, पंख्याला काही कळतही नाही.

मांडवीकाठ (पणजी)

चक्कर येणाऱ्यांसाठी: कॅमेरा छातीवरचा किंवा डोळ्यांतला असेल तर तो मागचा करा. दृष्टिक्षेत्र वाढवायचा पर्याय असेल तर थोडा वाढवा, कॅमेऱ्याची थरथर आणि मोशन ब्लर बंद. खोलीत एक दिवा चालू ठेवा. क्वेस्ट या डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटवर कार्व्ह स्नोबोर्डिंग नावाचा व्हीआर गेम आहे, २०२१ चा. निन्टेंडो सिक्स्टीफोरच्या १०८० स्नोबोर्डिंगवर काम केलेल्या प्रोग्रॅमरच्या स्टुडिओनं केलाय. अंग वळवून बोर्ड चालवायचा, मजा आहे, पण ज्यांना चोर्ल्याच्या वळणांवर बसमध्ये खिडकी लागते त्यांनी दहा मिनिटांच्या वर जाऊ नये.

घाटमाथा (वाळपई)

चोर्ल्याचं नाव निघालंच तर एक गोष्ट. या गेमांत वाट कशी निवडावी याचं गणित फॉल लाइनवर बसतं, म्हणजे पाणी ओतलं तर ज्या रेषेनं वाहील ती रेषा. पावसात घाटाच्या लाल दरडीवरून ओहोळ कसे उतरतात ते बघा: खडकाला वळसा, खोलगट जागी एकत्र, तीव्र जागी सरळ. बोर्ड त्या रेषेत धरला की वेग वाढतो, आडवा धरला की कमी होतो. सगळा खेळ या दोहोंमधला. वेग कमी करायला ब्रेक शोधू नका, रेषेला आडवे व्हा. पण खालच्या बाजूची कड रुतू देऊ नका. खऱ्या बर्फात नवखे उताराकडे तोंड करून धाडकन पडतात ते तिच्यामुळेच.

उताराचे आकडे गेममध्ये फसवे वाटतात. ४० टक्के उतार म्हणजे जेमतेम २२ अंश, तरी खऱ्या स्कीकेंद्रात तो पट्टीच्यांचा. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. गेममधले बिनदिक्कत मारायचे कडे खऱ्या जगात हिमकडा कोसळण्याच्या टापूतले, तो टापू साधारण ३० ते ४५ अंशांचा. गुलमर्गचं तिकीट काढणाऱ्यांनी गेमच्या भरवशावर गंडोलाचा दुसरा टप्पा गाठू नये.

खाजन (डिचोली)

वाचनखूण साठवली. एक भर: बर्लिनच्या स्टुडिओचा लोनली माउंटन्स: स्नो रायडर्स, जानेवारी २०२५. स्नोबोर्ड नाही, स्की आहे, पण मिजास तीच. संगीत जवळजवळ नाहीच, वारा आणि बर्फ. झेन मोडही आहे. पडणं विनोदी आणि परत उभं राहणं क्षणात.

सोलकढी (फोंडा)

आणि सगळ्यांचा आजोबा राहिला. स्कीफ्री, १९९१, विंडोजच्या एंटरटेनमेंट पॅकमधला. त्यातही मोकळं उतरता यायचं, फक्त २००० मीटर पार झाले की तो राखाडी राक्षस येऊन गिळायचा.

काजूबोंडू (सांगे)

त्याच्यापासून सुटता येतच नाही ना?

सोलकढी (फोंडा)

येतं की. एफ दाबा, वेग वाढतो. पण पुढं झाड आहे का ते आधी बघा.